खाचेतली हळद

कवठे येमाईत चाळिशीच्या पुढचा असा एक माणूस दाखवा, की ज्याचं लग्न हरिबाच्या कर्ण्याखाली लागलं नाही. सापडायचा नाही. सापडलाच, तर तो घरजावई म्हणून बाहेरून आलेला असणार.

हरिबा म्हणजे स्पीकरवाला हरिबा. जात धनगराची. बाप मेंढरं राखायचा. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणाची वाट धरायचा. हरिबाही लहानपणी त्याच्या मागं मागं चालला. पण एका वर्षी येमाईच्या जत्रेत त्यानं लिंबाला टांगलेला कर्णा बघितला आणि पोरगं त्या झाडाखालनं हलेना.

बाप म्हणाला, "आरं, मेंढरं पुढं गेली की."

तर हा म्हणतो, "जाऊ द्या. ती काय गात्यात व्हय?"

बापानं पाठीत दोन ठेवून दिल्या, पण पोरगं काही मेंढरांचं राहिलं नाही. पुढं कालव्याचं पाणी आलं, मेंढरं सुटली, घर एका जागी टेकलं आणि हरिबानं मशीन घेतलं. एक मशीन, दोन कर्णे, एक माईक आणि वायरीचं भेंडोळं. एवढ्या संसारावर त्यानं पंचक्रोशीतली लग्नं वाजवली.

वाजवण्यात त्याचा हातखंडा होता हे कबूल करायला पाहिजे. तो आधी चिमूटभर माती हवेत सोडून वारा बघायचा, मग कर्णा कुठं बांधायचा ते ठरवायचा. मग मशीनपाशी बसून एक बटण थोडं इकडं, एक थोडं तिकडं, डोळे मिटलेले, मान वाकडी. याला तो 'आवाज जमवणे' म्हणायचा. एकदा मात्र वारा फिरला आणि फजिती झाली. लग्न ओढ्याच्या अलीकडं, आणि आवाज सगळा ओढ्यापलीकडच्या वस्तीवर. "जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये" असं हरिबानं माईकवरून सांगितलं आणि पलीकडची सगळी वस्ती पंगतीला येऊन बसली. मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडची माणसं, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडची. जेवून, पानसुपारी खाऊन, आहेर न करता गेली. आचारी अजून हरिबाला बघितलं की पातेलं झाकतो.

त्याचा एक नेम होता. मशीनला एकाचाच हात. दुसऱ्या कुणी बटणाला बोट लावलं की हरिबा भर मांडवात ओरडायचा, मग तो नवरदेव का असेना. आणि दुसरा नेम खंडेनवमीचा. त्या दिवशी कोयता, कुऱ्हाड, कुळव यांच्या पंगतीत मशीन बसायचं. त्याच्या लोखंडी कपाळाला हळदीकुंकवाची बोटं, वर अक्षता, वर झेंडू. त्या दिवशी मशीन वाजवायचं नाही, हत्याराला विसावा द्यायचा. हरिबा म्हणायचा, "पोटाला घालणाऱ्या वस्तूला वर्षातनं एकदा तरी पाया पडावं माणसानं."

मग टेम्पोवर भिंतीएवढे खोके लादून डीजेवाले आले. त्यांच्या आवाजानं पत्रे हालू लागले, म्हाताऱ्यांचं काळीज हालू लागलं, आणि हरिबाचे कर्णे घरी बसले. एक कर्णा गिताबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, कोंबडीची पिल्लं झाकायला घेतला. हरिबानं बघितलं आणि तो काही बोलला नाही. माणूस असा गप्प बसला की समजावं, आत काहीतरी मोडलंय.

असा तो मोडून बसलेला असताना घरात तो डबा आला.

हरिबाचा मुलगा मल्हार रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला. तिथला एक मोठा साहेब बदली होऊन आपल्या मुलखाला परत निघाला, आणि जाताना त्यानं आपलं सामान कामगारांना वाटलं. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला कुकर. मल्हारच्या वाट्याला एक काळा, लांबट, उशीएवढा डबा आला. डब्याच्या पुढं जाळी, जाळीच्या आत दोन स्पीकर. वरच्या अंगाला मधोमध एक खाच, आणि खाचेत कोंबडीच्या जिभेएवढी धातूची एक पट्टी उभी. सोबत काडेपेटीहून थोडी मोठी, गाणी साठवणारी एक डबी. ती डबी त्या पट्टीवर सरळ बसवायची, की डबीतली गाणी डब्यातून वाजतात, आणि डबी वाजता वाजता चार्जही होते. मल्हार त्याला 'डॉक' म्हणायचा. हरिबानं डबा म्हटलं ते म्हटलंच.

मल्हारच्या पाळ्या चालू. तो बायकोला, म्हणजे पूनमला, सगळं शिकवून कंपनीच्या बसला पळाला. पूनम यवतची, तात्याबांची एकुलती लेक. बारावी झालेली, हाताची हलकी आणि तोंडाची त्याहून हलकी. म्हणजे बोलेल ते मोजकं. हरिबा ओट्यावर पाठ फिरवून बसला होता.

"उशीतनं कसला आवाज यायचा?" तो कोंबड्यांना म्हणाला.

पूनमनं डबी बसवली, सनई लावली. आवाज आला, पण असा आला, की जणू कुणी रांजणात बसून फुंकतंय. हरिबानं कान टवकारला, पण मान फिरवली नाही. पूनमनं मुद्दाम आणखी थोडा वेळ तसंच वाजू दिलं.

"आबा," ती मग म्हणाली, "मला काय जमंना बघा. लई घुमतंय."

"घुमणारच. कोपऱ्यात ठेवलाय कशाला? दोन्हीकडनं भिताडं. भिताडाला थटून आवाज जाड होतो. पुढं घे."

पूनमनं पुढं घेतला.

"आता खालच्या पेटीचा पत्रा झणझणतोय. खाली वाकळ घाल घडी करून."

तिनं वाकळ घातली. झणझण थांबली. आणि हरिबा कवा उठला, कवा डब्यापाशी येऊन मांडी घालून बसला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. डब्याला पुढं एक गोल बटण होतं. नुसतं फिरवलं की आवाज लहानमोठा. एकदा दाबून फिरवलं की खर्ज कमीजास्त, आणखी एकदा दाबलं की बारीक सूर कमीजास्त. पूनमनं हे तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा हरिबानं "ठाव हाय" म्हटलं. मग डोळे मिटले, मान वाकडी केली, आणि खर्ज थोडा उतरवला, बारीक सूर जरा चढवला. सनई अशी मोकळी झाली, की गिताबाई भाकरी थापता थापता थांबली.

"अगं बाई! कुणाचं लगीन हाय?" तिनं आतनं विचारलं.

एवढं विचारणं पुरेसं होतं. हरिबा पुन्हा स्पीकरवाला झाला. पूनमनं त्याला डबी बसवायची रीत दाखवली. आधी आवाज उतरवायचा, मग डबी सरळ वरनं सोडायची. तिरकी घातली तर पट्टी वाकते. खाचेत काही जाऊ द्यायचं नाही. हरिबानं सगळं ऐकलं, शिकला, आणि शिकून झाल्यावर म्हणाला, "आता तू हात लावायचा न्हाईस. मशीनला एकाचाच हात."

पूनम हसली. "बरं आबा. धूळ तरी पुसू का?"

"वरनं. कोरड्या फडक्यानं."

मग रोज संध्याकाळी आळीतली माणसं ओट्यावर जमू लागली. सासऱ्या-सुनेचं बरं चाललं होतं. ती चहा घेऊन आली की हरिबा विचारायचा, "आज कसं लागलंय?" आणि ती मान हलवून "फस्क्लास" म्हणायची. अशात यवतहून तात्याबांचा निरोप आला: दसरा झाला की आमच्या नव्या घराची घरभरणी, सगळ्यांनी यायचं. हरिबानं फोनवर सांगून टाकलं, "व्याही, डीजे-बीजे काय सांगू नका. सनई माझी."

तात्याबा भला माणूस. म्हणाले, "तुमी म्हणाल तसं."

खंडेनवमी आली. गिताबाईनं अंगण सारवलं. कोयता, कुऱ्हाड, मल्हारची मोटारसायकल, त्याची शाळेतली जुनी पाटी, सगळी पंगत बसली. त्या पंगतीच्या मधोमध हरिबानं डबा मांडला. इतक्या वर्षांनी पुन्हा त्याच्या घरात पुजायला मशीन होतं. डोळे भरून आले असतील, म्हणून खाचेतली पट्टी दिसली नसेल, शिकवलेलं आठवलं नसेल. त्यात त्याला मोतीबिंदू. तो हळदीकुंकू पाण्यात कालवून बोटं ओढू लागला. पण डबा प्लास्टिकचा, गुळगुळीत; हळद ओघळू लागली. हरिबाला ते अपशकुनी वाटलं. मग त्याची नजर वरच्या खाचेवर गेली. अन्न जिथनं पोटात जातं तेच खरं ठिकाण, असं त्याच्या मनानं घेतलं. त्यानं खाचेत हळदीचं बोट नेलं, कुंकवाचं नेलं, वर पाच दाणे अक्षता टाकल्या, आणि वर झेंडू बसवला. बसला पण कसा! जणू खाच झेंडूसाठीच केलेली.

ताट धरून उभी असलेली पूनम म्हणाली, "आबा, त्या खाचेत नको, आत..."

"पूजंत आडवं बोलू न्हाई, पोरी," गिताबाई म्हणाली. पूनम गप्प बसली. हरिबानं ऐकलं की नाही, देव जाणे. तो नारळ फोडत होता.

त्या दिवशी मशीन वाजवायचं नव्हतंच. दसऱ्याला फूल काढलं, डबा वाकळेत गुंडाळला आणि यवतच्या वाटेसाठी बांधून ठेवला.

यवतला तात्याबांचं घर हायवेच्या मागच्या अंगाला. दारात मांडव, मांडवात भावकी, आत पूजेला बसलेले भटजी. हरिबा नवं धोतर, फेटा असा जीपमधून उतरला. डबा त्यानं कुणाच्या हातात दिला नाही. स्टुलावर वाकळ घातली, वर डबा मांडला, माती उडवून वारा बघितला. वारा बघायची काही गरज नव्हती, पण चार माणसं बघत होती.

डबी सोडली. डब्याचा दिवा लागला आणि विझला. पुन्हा दाबली. खर्रर. पुन्हा दाबली, जरा जोरात. काही नाही. आतून भटजींनी विचारलं, "सनई लावताय ना? मुहूर्त होतोय."

तात्याबांचा धाकटा भाऊ ज्ञानू. जिभेला हाड नसलेला माणूस. तो म्हणाला, "काय पाव्हणं, मशीन उपाशी हाय का? दोन घास घाला की त्याला."

मांडव हसला. हरिबा डबी काढून फुंकू लागला, घालू लागला.

"आवो, त्याला घाम आलाय. पंखा लावा रं!" ज्ञानू म्हणाला. बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या.

आता एवढं लक्षात घ्या, की हा माणूस आयुष्यभर मांडवात राजा होता. नवरदेवावर ओरडणारा. त्याला मांडवात कुणी हसलं नव्हतं. आणि त्याच वेळी समोरून पूनम पाण्याचे पेले घेऊन आली. पुढचं हरिबाच्या तोंडून कसं निघालं ते त्याला अजून सांगता येत नाही. पण निघालं, आणि सगळ्या मांडवानं ऐकलं.

"हिनंच केलंय हे! ओल्या फडक्यानं पुसलंय. हात लावू नको म्हणलं तरी लावते. आईबापानं वळणच लावलं न्हाई, त्याला मी काय करू!"

मांडव गपकन थांबला. ज्या घराची त्या दिवशी घरभरणी, त्या घराच्या दारात, त्या घरच्या लेकीला, तिच्या आईबापासमोर. तात्याबा उंबऱ्यात उभे होते. त्यांनी हात जोडले. "व्याही, पोरीचं चुकलं आसंल. पदरात घ्या."

पूनम म्हणाली, "व्हय आबा. चुकलं माझं." आणि पेले वाटत पुढं गेली.

ज्ञानूच्या मोबाईलवर सनई लागली. पूजा झाली, पंगती झाल्या. पूनमची आई तुळजाबाई हरिबाला वाढायला आली. पुरणपोळीवर तूप इतकं ओतलं, की पोळी बुडाली. पण "घ्या" एवढंही ती म्हणाली नाही. हरिबा पोळीचे नुसते तुकडे करत बसला. तरी त्याला वाटत होतं, आपण बोललो ते जास्त बोललो, पण खरं बोललो.

घरी आल्यावर डबा कोपऱ्यात पडला. आळीतली माणसं संध्याकाळी आली आणि बसून गेली. पूनम चहा आणायची, ठेवायची, जायची. शेवटी एका सकाळी हरिबानं डबा उन्हात घेतला. हुन्नर काही मेला नव्हता. चष्म्यावर गिताबाईचा चष्मा चढवला, गोधडी शिवायची सुई घेतली, आणि खाचेत बघत बघत अलगद टोकरू लागला. ओलं फडकं असतं तर गंज निघाला असता. सुईच्या टोकाला आलं ते पिवळं. त्यानं बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला. हळद. मग लाल पापडी निघाली. मग, पट्टीच्या बुडाशी घट्ट रुतलेला, हळदीनं रंगलेला तांदळाचा दाणा. तो निघाला, त्याच्या मागं दुसरा निघाला.

हरिबा दाणे तळहातावर घेऊन बसला. ऊन पाठीवर आलं तरी बसला.

गिताबाई कोंबड्यांना टाकायला बाहेर आली. तिनं तळहात बघितला. "आन् मी त्या पोरीला म्हणलं, पूजंत आडवं बोलू नको," ती म्हणाली. "तिनं तवाच सांगितलं हुतं तुमाला. खाचेत नको म्हणून."

"तिला ठाव हुतं?"

"तिला न्हाई तर कुणाला? तिनंच शिकवलं न्हवं का."

हरिबाच्या डोक्यात ते तेव्हा शिरलं, आणि शिरलं ते पाय पसरून बसलं. पूनमला मांडवात माहीत होतं. हसणाऱ्या त्या सगळ्यांपुढं तिनं एवढंच म्हणायचं होतं, 'आबा, हळद तुमीच घातली'. खरं तेच म्हणायचं होतं. तिच्या माहेरची सगळी माणसं तिच्या बाजूची होती. आणि ती म्हणाली, चुकलं माझं.

त्यानं सुई ठेवली. पट्टी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली, वाळवली, डबी सोडली. सनई लागली, आधीसारखी मोकळी. पूनम चुलीपाशी होती. बाहेर आली नाही. हरिबानं झटकन आवाज उतरवला. जणू तो चोरून वाजवत होता.

दुपारी तो चुलीपाशी जाऊन उभा राहिला. सासरा चुलीपाशी येत नाही, म्हणून पूनम उठून उभी राहिली.

"ते... हळदीचं निघालं," तो म्हणाला. "माझीच चूक हुती."

"बरं झालं, वाजाय लागलं," पूनम म्हणाली.

"तू तवा बोलली का न्हाईस?"

ती पदराच्या टोकानं परात पुसत राहिली. "बोलले असते तर तुमचं हसं झालं असतं, आबा. ते आधीच हसत हुते. माझं माहेरच हाय, घेत्याल झाकून, असं वाटलं." मग थोडं थांबून, "पर आईबापाचं नाव काढायला नको हुतं तुमी."

दोघांनी मिळून परातीकडं बघितलं.

दिवाळी जवळ आली. पूनमला सख्खा भाऊ नाही, म्हणून दर वर्षी तिला माहेरी न्यायला ज्ञानूकाकाच मुराळी म्हणून यायचा. वसुबारसेच्या आधी हॉर्न वाजवत यायचा, हरिबाशी चेष्टामस्करी करायचा आणि पुतणीला गाडीवर बसवून न्यायचा. यंदा हॉर्न वाजला नाही. तात्याबांचा फोन आला, यंदा ज्ञानूला काम आहे. मल्हार म्हणाला, मीच सोडतो. पूनम म्हणाली, "राहू द्या. न्यायला न आल्यावर जायचं नसतं." आणि ती पणत्या धुवायला बसली. धुतलेल्या पणत्या तिनं पुन्हा धुतल्या.

हरिबानं ओट्यावरनं हे बघितलं. तो गिताबाईला हळूच म्हणाला, "मी तिची माफी मागितली की."

"कुठं?"

"चुलीपाशी."

"बोललात मांडवात, आन् फेडताय चुलीपाशी व्हय?" गिताबाई म्हणाली, आणि आत निघून गेली.

वसुबारसेच्या सकाळी हरिबानं फेटा बांधला. डबा वाकळेत गुंडाळला आणि पूनमला म्हणाला, "पिशवी भर. मुराळी आलाय."

"कोण?"

"मी. सासरा मुराळी झाल्याचं कुणी ऐकलं नसंल, तर आज ऐकत्याल."

शिरूरला एसटी बदलली, न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या ट्रॅक्टरांमागं गाडी रांगली, चौफुल्याला पुन्हा बदलली. पूनमनं बिस्किटाचा पुडा पुढं केला. त्यानं एक घेतलं आणि हातातच धरून ठेवलं.

तात्याबांनी दोघांना दारात बघितलं आणि गडबडले. हरिबा ओट्यावर बसला नाही. म्हणाला, "व्याही, त्या दिवशी मांडवात हुती ती माणसं जरा बोलवा. सनई ऐकवायची राहिलीय."

माणसं आली. फुकटची गंमत कोण सोडतं? ज्ञानू सगळ्यांच्या पुढं.

"काय पाव्हणं, आज तरी जेवून आलंय का मशीन?"

"त्या दिवशीच लई जेवलं हुतं," हरिबा म्हणाला. "हळदकुंकू, तांदूळ, समदं. म्हणून त्याच्या तोंडातनं शबूद फुटंना."

हशा पिकला. आणि हरिबाच्या लक्षात आलं, की आपण पुन्हा मांडव जिंकायला निघालोय. असंच हसत हसत निसटता येईल, आणि कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. त्याची त्यालाच किळस आली. त्यानं हात वर केला.

"हसू नका. म्हंजी हसा, पर मला हसा. खंडेनवमीला त्या खाचेत हळद मी घातली. या हातानं. पोरीनं नको म्हणलं हुतं. मशीन बिघडलं ते माझ्यामुळं. आन् तुमी हसाय लागल्यावर मी तिच्यावर ढकललं. तिला खरं ठाव हुतं. तिनं माझी लाज राखली, आन् मी तिच्या आईबापाचं वळण काढलं, त्यांच्याच दारात." त्यानं पूनमकडं हात केला. "वळण तिला हाय. म्हाताऱ्याला न्हाई."

ज्ञानूनं टोपी काढून मांडीवर ठेवली. तात्याबा "आवो व्याही, आसू द्या, आसू द्या" म्हणत पुढं आले. पण तुळजाबाई दारातून म्हणाली, "आसू काय द्या? त्या दिवशी भटजीनंबी ऐकलं हुतं. त्यांनाबी सांगितलं पायजे."

"आई!" पूनम म्हणाली.

"कुठं राहत्यात?" हरिबानं विचारलं.

आणि हा माणूस खरंच गेला. भटजी अंगणात फराळाचे पोहे वाळत घालत होते. हरिबानं हात जोडून सगळं पहिल्यापासून सांगितलं. भटजी म्हणाले, "अहो, माझं लक्ष मुहूर्ताकडं होतं. मला काही आठवत नाही."

"तर मग पुन्हा सांगतो," हरिबा म्हणाला, आणि पुन्हा सांगितलं.

परत येऊन त्यानं डबी सोडली, सगळ्यांना सनई ऐकवली, तेव्हा तुळजाबाईनं चहा दिला. बशीत ओतून, हातात. म्हणाली, "घ्या." तो एक शब्द ऐकून हरिबा चहा निवेपर्यंत बशी तशीच धरून बसला. मग विचारलं, "विहीणबाई, हिला न्यायला कवा येऊ?"

"तिला इचारा."

पूनम म्हणाली, "भाऊबीज झाल्यावर. ह्यांना पाठवा."

म्हणजे, तुम्ही नको. हरिबाला ते कळलं. ते रास्तच होतं. राग नव्हता तिच्या बोलण्यात. पण सनई लागली म्हणून सगळं लागतं असं नाही. डबा त्यानं तिथंच राहू दिला, आणि निघाला.

पूनम त्याला हायवेपर्यंत सोडायला आली. दिवाळीची गर्दी, एसट्या येत होत्या, भरलेल्या जात होत्या. हरिबा रस्त्याकडं बघत नव्हता. पायातल्या वहाणांकडं बघत उभा होता. येणारी-जाणारी सगळी यवतची माणसं, आणि त्याला वाटत होतं, प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याच्या हातात गिताबाईसाठी तुळजाबाईनं दिलेली चकल्यांची पिशवी होती.

एक गाडी येऊन थांबली. माणसं धावली. हरिबाही खाली मान घालून त्या घोळक्यात शिरला.

"आबा!" पूनमनं मागनं त्याच्या सदऱ्याला धरलं. "मान वर करा, पाटी बघा. ही थेट सोलापूरला जाती, चौफुल्याला थांबत न्हाई."

हरिबानं मान वर केली. पाटी वाचली, मग तिच्याकडं बघितलं. ती हसत नव्हती, पण रागावलेलीही नव्हती.

"चौफुल्याची मागनं येती," ती म्हणाली. "थांबा. मी बसवून देते."